उरलेली किडनी

डिंकाच्या लाडवांची मला आजही शिसारी येते. दोष लाडवांचा नाही, ते मी कुणाच्या हातात पाहिले त्याचा आहे.

मी अकोल्याची, नोकरी मात्र अमरावतीच्या एका दवाखान्यात. किडनी बसवण्याचं ऑपरेशन नागपुरात होई. देणाऱ्याची आधीची तपासणी आणि नंतरची देखरेख आमच्याकडे. देणाऱ्या माणसाला एकटं गाठून, ते मनापासून देतंय ना, हे विचारणं माझं काम. त्या दुष्काळी वर्षांत गावागावांतून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत, माणसं मरणाला सरावली होती. पण बाईला गृहीत धरायची सवय त्याच्याही आधीची. त्या सवयीला दुष्काळ लागत नाही.

अंजनगाव सुर्जीकडून एक पानमळेवालं कुटुंब आलं. धाकट्या मुलाच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. थोरला धडधाकट, रक्तगटही जुळणारा, पण तपासणीचं नाव काढलं की त्याची कंबर धरे. शेवटी आजाऱ्याची बायको पुढे झाली. मी सासूला बाहेर बसवलं आणि विचारलं, "कोणी जबरदस्ती केली का?"

"नाई मॅडम. थो माह्या लेकरायचा बाप हाये. मीच देतो."

तिची नजर हलली नाही. तपासण्या चांगल्या आल्या, तिनं दिली.

काही महिन्यांनी सगळे परत आले. नवऱ्याच्या तोंडाला मास्क, बुडाखाली धुतलेला टॉवेल, उकळलेल्या पाण्याची वेगळी बाटली. सासूनं डबा उघडला. डिंकाचे लाडू! आमच्याकडे हे बाळंतिणीचं खाणं. सव्वा महिना तिला बाजेवरून उतरू देत नाहीत. या सासूनं सव्वा महिना पाळला होता, पण पोराचा. पोट चिरून जिनं किडनी दिली ती सून पिशव्या धरून दाराशी उभी.

"हिची तपासणी?" मी विचारलं.

"तिले काय झालं? पेशंट तर हा हाये."

सुनेला विचारलं तर घरी येताच ती पानांच्या टोपल्या उचलू लागली होती, आणि पाठ दुखली की सासू किराणा दुकानातून अंगदुखीची गोळी आणून देई. एका किडनीवर असल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, हे आम्ही दोघींना बजावलं होतं. माझं डोकं फिरलं. हिचं रक्त तपासल्याशिवाय डॉक्टर मुलाला पाहणार नाहीत, असं मी ठोकून दिलं. खोटंच होतं, पण लागू पडलं.

दुपारी रिपोर्ट आले. रक्तदाब चढलेला, उरलेल्या किडनीवर ताण. गोळ्या बंद, ओझं बंद, आराम. मग सावरेल, असं मी सांगितलं.

सासूचा चेहरा उतरला. "उरलेली बरी होईन ना मॅडम?"

मला खरंच बरं वाटलं. उशिरा का होईना, सून आठवली. म्हटलं, "जपलं तर होईल."

"जपतो न मंग. उद्या ह्याची बिघडली त थे कामी येईन."

तिथंच थुंकावंसं वाटलं मला. नवऱ्यानं मास्क नाकावर ओढून घेतला. मी ओरडूनच सांगितलं, की उरलेली एक किडनी कोणी कोणाची काढत नसतं. सासूनं तोंड वाकडं केलं, दुकानदारानं माल नाही म्हटल्यावर करतात तसं.

सुनेनं पिशव्या नवऱ्याच्या पायाशी ठेवल्या.

"मॅडम, मी इथूनच माहेरी जातो. माहाबी सव्वा महिना बाकी हाये."

"अन् ह्याच्या खान्यापिन्याचं कोन पाहीन?" सासू कडाडली.

"लाडू हायेत न," ती म्हणाली, आणि स्टँडकडे चालू लागली.