पाणी मध्यंतराला

आमच्या फुटबॉल क्लबचे माजी प्रशिक्षक गेल्या एप्रिलमध्ये जळगावात वारले. तिसऱ्या दिवशी मैदानालगतच्या शेडमध्ये शोकसभा झाली. क्लबचे सामने मी वर्तमानपत्रासाठी अनेक वर्षं पाहिले होते, म्हणून सरांच्या कारकिर्दीवर मी बोलावं असं ठरलं.

सर येण्यापूर्वी क्लब जिल्ह्याबाहेर क्वचितच जिंकत असे. सर आले तेव्हा खेळाडू तेच होते, मैदानही तेच. काळी माती, उन्हाळ्यात भेगाळलेली, चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही. सरांनी जमिनीवरून पास देणं जवळपास बंद केलं. पूर्वार्धात जवळजवळ सगळा संघ आपल्याच अर्ध्यात थांबायचा, चेंडू आला की लांब मारायचा आणि समोरच्यांना उन्हात पळवायचा. बाहेरचे संघ उत्तरार्धात पळायचं सोडून चालू लागत. गोल तेव्हा होत. "ऊन आपला बारावा गडी," असं सर म्हणत. कोल्हापूरला एका गार संध्याकाळी हाच संघ हाच खेळ खेळून सपाटून हरला.

या पद्धतीत एक नियम होता. पाणी फक्त मध्यंतराला. पोटात पाणी डुचमळलं की पाय जड होतात, असं सरांचं मत होतं. समोरच्या संघाने बाटल्या काढल्या की आमच्या बाकावरून आवाज यायचा, "अरे, पाहुण्यांना चहा पण विचारा!"

धुळ्यातल्या एका सामन्यात पूर्वार्धातच आमचा डावा बचावपटू कोसळला. त्याची बाजू उन्हाची होती. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. त्याची मूत्रपिंडं पुन्हा पूर्ववत झाली नाहीत. हंगाम संपल्यावर सरांनी प्रकृतीचं कारण देऊन पद सोडलं. त्यांच्याच तालमीतला एक खेळाडू प्रशिक्षक झाला. नियम राहिला.

तो माजी बचावपटू शोकसभेला आला होता. त्या दिवशी डायलिसिस नव्हतं. एरवी तो वडिलांच्या दुकानात रिक्षाच्या सीटा शिवतो. सभेआधी त्याने मला बाजूला घेतलं.

"भाऊ, सरांबद्दल चांगलंच बोला. डावपेच खरेच होते, त्यांच्या जोरावर मी जिंकलोय. फक्त पाण्याचं तेवढं बोला. रविवारी माझा धाकटा भाऊ उतरतोय. माझ्याच जागी."

रविवारी सरांच्या स्मरणार्थ सामना ठेवला होता. क्लबचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणतात, मागेच उभे होते.

"बठ्ठं खरं शे, भाऊ," ते म्हणाले. "पन आज नको. घरना लोक समोर शेतस." सगळं खरं, हे त्यांनाही मान्य होतं; पण सरांच्या घरचे पुढच्या रांगेत बसले होते.

"मग कधी, आबा?" बचावपटूने विचारलं.

"सामना होऊ दे."

"सामन्याचंच तर म्हणतोय मी."

मी बोललो. लांब चेंडू, उन्हाचा वापर, जिंकलेले चषक, धुळ्याचा सामना आणि पाण्याचा नियम, या क्रमाने. डॉक्टर या नियमाला धोकादायक म्हणतात, हेही सांगितलं. माझ्यानंतरच्या कुणी पाण्याचा उल्लेख केला नाही. नवे प्रशिक्षक सर्वांत शेवटी उभे राहिले. "रविवारी आपण सरांच्या पद्धतीने खेळू," ते म्हणाले. "पूर्ण पद्धतीने." दोन मिनिटं स्तब्धता पाळून सभा संपली.

रविवारचा सामना भर उन्हात सुरू झाला. पाहुणा संघ नाशिकचा होता. पूर्वार्धात चेंडू कुंपणापलीकडच्या नाल्यात गेला आणि खेळ थांबला. माजी बचावपटू बाटली घेऊन डाव्या रेषेपाशी गेला. धाकटा गुडघ्यांवर हात टेकून उभा होता.

"घे."

"सगळे बघतायत, भाईजान."

"बघू दे. दोन घोट घे."

"तू जा ना! बाहेर बसवतील मला."

धाकट्याने बाकाकडे पाहिलं. थोरल्याने झाकण उघडून बाटली पुढे केली. धाकट्याने ती हातात घेतली, झाकण लावलं आणि परत दिली. तोवर चेंडू मिळाला होता. पंचांनी शिट्टी वाजवली.

धाकटा मध्यंतराला पाणी प्यायला. क्लबने उत्तरार्धात गोल केला आणि सामना एक-शून्य असा जिंकला. धाकटा पूर्ण वेळ खेळला.