आज पाणी आलेच नाही

…तर रेणुकानं त्या पेपरावर दहापैकी आठ लिहिले अन् हॉलमधल्या बाकी साऱ्या परीक्षकांनी शून्य, इथवर काल आलो होतो. मधेच चहा आला अन् गोष्ट राहिली.

रेणुका म्हणजे डोणगावच्या आमच्या कचरू गुरुजींची लेक. तीही शिक्षिकाच, आता निवृत्त झाली. गुरुजींच्या हाताखाली मी शिकलो. काय दिवस होते राजेहो! प्रश्न गुरुजीच काढत, तपासतही तेच. 'माझा आवडता प्राणी' या निबंधात मी आमच्या मेलेल्या बैलावर दोनच ओळी लिहिल्या, तर म्हणाले, "पुरे झालं. घरी जा, मायजवळ बस." गुण किती दिले, कोणाले आठवते!

रेणुकाच्या वेळेपर्यंत सगळं पालटलं. साऱ्या राज्याला एकच भाषा-चाचणी. पेपरावर नाव नाही, नुसता आकडा. एक पेपर दोघांनी तपासायचा, एकमेकांचे गुण न पाहता. फरक फार पडला तर तिसऱ्याकडे. त्याआधी सगळ्या परीक्षकांना एकच नमुना पेपर देऊन त्यांचे काटे जुळवायचे, बाजारातल्या तराजूसारखे. गुणांचा तक्ताही ठरलेला: विषय, मांडणी, भाषा, शुद्धलेखन. विषयाला शून्य पडलं की पुढचं वाचायचंच नाही.

त्या साली ओळ दिली होती, 'आज पाणी आलेच नाही', अन् तिच्यावरून गोष्ट लिहायची होती. तक्त्यात अपेक्षित काय, तर नळ, रिकामे हंडे, टँकर. अन् नमुना पेपरात एका पोरीनं लिहिलेलं: 'सोयाबीनची पानं मिटली. बाबा बांधावर उभे होते. आजी म्हणाली, ढगाले कोणीतरी हाका मारा.'

आता आपल्याकडं 'पाणी आला' म्हणजे पाऊसच ना!

मुख्य परीक्षक बाहेरगावचे, पण माणूस भला. म्हणाले, "बाई, पोरगी विषय सोडून गेली. तुमचा काटा हललाय."

"काटा बरोबर हाये सर. तुमचं पाणी नळातलं, तिचं आभाळातलं."

हॉल हसला, पण रेणुका खाली बसली नाही. ते शून्य कायम झालं असतं, तर आपल्याकडची कितीतरी पोरं 'लिहिता येत नाही' म्हणून वेगळ्या वर्गात बसवली असती. ती शेजारच्या रंगरावकडे वळली. हा गडी आपल्याच भागातला, जळगाव जामोदचा, अन् शून्य देणाऱ्यांत तोही.

"रंगराव, मायले फोन लावा. फक्त विचारा, पाणी आला का?"

त्यानं लाजत लाजत लावला, स्पीकरवर. तिकडून म्हातारी कडाडली, "कायचा पाणी! आभाळ भरलं होतं, वाऱ्यानं नेलं. अन् तू काऊन फोन करून राह्यला बे, जेवला नाही का?"

सारा हॉल लोटपोट! साहेबांनी डोळे पुसले अन् तिथल्या तिथं तक्त्यात 'पाऊस' लिहिला. शून्यवाल्या साऱ्यांनी तो नमुना पेपर पुन्हा तपासायला घेतला.

निघताना साहेब म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी सरळ 'आज नळाला पाणी आले नाही' असंच छापतो. मग तर घोटाळा नाही?"

रेणुका म्हणाली, "छापा ना सर. पण आमच्या नळाले आठ-आठ दिवस पाणी नसते. पोरं म्हणतीन, यात गोष्ट कोणती झाली?"