घाटात ओतलेलं पाणी

बदलापुरातली बाई झोपेतसुद्धा एक कान नळाकडे ठेवून असते. कुमुदिनीबाईंचं तर सगळं आयुष्य त्यातच गेलं. लग्न होऊन आल्या तेव्हा पाणी पहाटे यायचं, मग संध्याकाळी यायला लागलं, आणि जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शुक्रवारी पुरवठा बंद म्हणजे बंद. त्यामुळे घरात जे जे पोकळ, ते ते भरलेलं. पिंप, बादल्या, कळश्या, तपेली, लोणचं संपलेली बरणीसुद्धा. सून हिमानी एकदा चहाचं आधण ठेवायला भांडं शोधत होती, तर घरात एक रिकामं मिळेना. कुठे लग्नाला गेल्या तरी अक्षता पडल्या की कुमुदिनीबाईंची चुळबुळ सुरू. पाणी यायच्या आत घरी पोचायचं असायचं.

नवरा विष्णुपंत आनंदनगरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. ज्या बसने ते रोज कामावर जायचे तीच बस त्यांच्या मागोमाग रिटायर झाली. कंपनी ती भंगारात काढायला निघाली, तर यांनी घरी आणली. लोक घड्याळ घेऊन रिटायर होतात, हे बस घेऊन आले. म्हणाले, "कुमुद, हिच्यात घर करतो. पलंग, शेगडी, सगळं. फिरून येऊ."

शेजारच्या शहरातल्या कॅम्प पाचच्या वस्तीत परसूशेठ मिस्त्रींकडे काम दिलं. परसूशेठ फर्निचरवाले, सगळ्यांशी हिंदीतच बोलायचे. कुमुदिनीबाईंनी जातीने उभं राहून कपाटं करून घेतली. शेवटी पलंगाखाली बसवायची पाण्याची टाकी कुमुदिनीबाईंनी हाताने मापून दाखवली, तेव्हा परसूशेठनी पेन्सिल कानामागे खोचली.

"भाभी, इसमें घर बनाना है या टँकर?"

"तुम्हारे कॅम्प में रोज पानी आता है क्या?" बाई म्हणाल्या.

परसूशेठनी पेन्सिल काढून माप लिहून घेतलं आणि टाकी सांगितली तेवढी बसली.

मुलगा सोहम शेजारच्या विंगेतच राहतो. त्याला हे काही पटेना. "बाबा, ही म्हातारी बस कुठेतरी बंद पडणार आणि मला सुट्टी टाकून धावत यावं लागणार."

"नाही लागणार."

"बरं. मग ठरवू. वाटेतून एकदा जरी फोन आला, की सोहम ये आणि घेऊन जा, तर परत आल्यावर गाडी भंगारात. नाही आला तर मी परत तोंड उघडणार नाही."

विष्णुपंतांनी मान हलवली. पण ती अट मनावर घेतली ती कुमुदिनीबाईंनी. पडदे त्यांनी शिवले होते. हळदकुंकवाचा कोनाडा त्यांनी करून घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदा असं घर मिळालं होतं, जिथे पाण्याची वेळच नव्हती. ते भंगारात जाऊ द्यायचं नव्हतं त्यांना.

निघायच्या आदल्या दिवशी जिजा भाजी घेऊन आली. ही वांगणीच्या डोंगराकडची, कितीतरी वर्षं दारावर भाजी आणते. गाडीला हात लावून म्हणाली, "काकू, येताना आमच्या वाडीवर थांबा गं. माझं घर नाय बघितलंत कधी."

"येते," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

दिवाळी झाल्यावर निघाले. कोकणातून खाली, मग आंबोलीचा घाट चढून कोल्हापूर, पुणे आणि घरी, असा बेत होता. सुरुवातीचे दिवस कसे गेले कळलंच नाही. खिडकी तीच, पण सकाळी पडदा सारला की बाहेर कधी माड, कधी खाडी, कधी शाळेत चाललेली पोरं. विष्णुपंत दाढी करायला आरसा झाडाला लटकवायचे आणि येणारा-जाणारा थांबून त्यात आपला भांग बघून घ्यायचा. कुमुदिनीबाई नव्याच दिसायला लागल्या होत्या. एकच सवय सुटली नव्हती. नळ दिसला की पाय तिकडे वळायचे.

सावंतवाडीत विष्णुपंत किराणा आणायला गेले. ज्या देवळाशी गाडी लावली होती तिथे नळ, आणि नळाला ही धार. कुमुदिनीबाईंनी विचार केला, पुढे घाट, घाटात कोण पाणी देणार? टाकी काठोकाठ भरली. मग कॅन भरले. मग वाटेत घेतलेली दोन पिंपं, बादल्या, कळशी, आणि जागा उरली म्हणून कुकर. सगळं सीटखाली ढकललं आणि वरून चादरी सोडल्या. विष्णुपंतांना दिसलं नाही, कारण त्यांना चादरीखाली बघायची सवय नव्हती.

घाट लागला आणि गाडी कण्हायला लागली. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्याला इंजिनातून वाफ आली आणि गाडी उभी राहिली. विष्णुपंतांनी चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं, थंड होऊ दिलं, पुन्हा चालू केलं. हातभर पुढे गेली आणि पुन्हा थांबली. आयुष्य मशिनी दुरुस्त करण्यात गेलेलं, त्यांनी एकेक नळी चाचपली, वास घेतला, कान लावला. काहीच सापडेना. रुमालाने हात पुसत ते दगडावर बसले.

"काही बिघडलेलंच नाही. म्हणजे इंजिनच थकलं असणार." त्यांनी खिशातून फोन काढला. "चल, सोहमला सांगतो."

कुमुदिनीबाई गाडीच्या दारात उभ्या होत्या. त्यांना मघापासून कळलं होतं.

"अहो, फोन ठेवा. आधी आत या."

त्यांनी एकेक चादर उचलली. विष्णुपंत वाकून बघत राहिले. पिंपाचं झाकण उघडलं, कॅन हलवून बघितले, शेवटी कुकर उघडला.

"कुमुद, कुकरसुद्धा?"

"शिट्टी काढून ठेवलीय," बाई म्हणाल्या.

ते हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पण ओतायची वेळ आली तेव्हा कुमुदिनीबाईंचा हात उठेना. चाळीस वर्षं तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला घातलेली बाई ती. भरलेली बादली रस्त्यावर कशी उलटायची? विष्णुपंत पुढे झाले तर म्हणाल्या, "तुम्ही नको. मी भरलंय, मीच ओतते."

पहिली बादली ओतली ती डोळे मिटून. दुसरी उघड्या डोळ्यांनी. तेवढ्यात डोक्यावर लाकडांचा भारा घेतलेली एक म्हातारी वरून उतरत आली आणि थांबली.

"पाणी खराब झाला काय गे?"

"नाही हो, चांगलं आहे."

"मगे ओततंस कित्याक?"

"गाडीला जड झालंय."

म्हातारीने हनुवटीनेच कडेच्या कातळाकडे दाखवलं. कातळातून झऱ्याची बारीक धार बिनआवाजाची वाहत होती. "हयसर पाणी कित्याक घेवन इलंस गे बाय? हयसर ता आपसूक येता."

कुमुदिनीबाई त्या धारेकडे बघत राहिल्या. तिला ना वेळ, ना शुक्रवार. मग त्यांनी पदर खोचला आणि पिंपं आडवी केली, टाकीची तोटी सोडली. पाणी वळणावरून खळखळत खाली निघालं. शेवटी कुकर राहिला, तोही उलटा केला आणि वर एक थाप मारली.

गाडी चालू झाली. थोडी कुरकुरली आणि चढली. माथ्यावर पोचल्यावर विष्णुपंतांनी भोंगा वाजवला, अगदी पूर्वी कामगारांना बोलवायला ड्रायव्हर वाजवायचा तसा. फोन खिशातच होता.

पुढचा सगळा प्रवास एका कळशीवर झाला. संपली की भरायची. कोल्हापुरात भरली, साताऱ्यात भरली, कुणी नाही म्हटलं नाही. कुमुदिनीबाईंना झोपसुद्धा उशिरापर्यंत लागायला लागली.

परतीला वांगणीशी आल्यावर शब्द दिल्याप्रमाणे जिजाच्या वाडीवर गाडी वळवली. जिजाने अंगणात खाट टाकली, तिचा नवरा नवसू गाडीभोवती फिरून टायरला हात लावून आला. चहा ओठाला लागतो तोच फोन वाजला. सोहमचा.

"आई, कुठे आहात?"

"जिजाकडे. का रे?"

"मेन लाइन फुटलीय. कालपासून पाणी नाही. टँकरवाला फोन उचलत नाही." तो थोडा घुटमळला. "आई, तुमच्या त्या टाकीत काही आहे का?"

कुमुदिनीबाईंनी फोनवर हात ठेवून नवऱ्याकडे बघितलं. विष्णुपंतांनी बशीतला चहा संपवला.

"पुढे सगळा सपाट रस्ता आहे," ते म्हणाले. "भर किती भरायचं ते."

नवसूने बोअरची मोटर लावली. टाकी भरली, पिंपं, कॅन, बादल्या, कळशी आणि कुकरही. बदलापुरात बिल्डिंगच्या गेटातून गाडी आत आली तेव्हा दोन्ही विंगांतली माणसं हंडे घेऊन खाली उभी होती. सगळ्यांत पुढे सोहम, हातात दोन बादल्या. कुमुदिनीबाई दारात उभं राहून ज्याला त्याला वाटून देत होत्या. हिमानीला पाणी देताना म्हणाल्या, "कुकर तेवढा परत आण."

भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही. घरी आल्यावर बाईंनी अर्धी पिंपं रिकामी केली. एकात ओव्याचं झाड लावलं, ते आता कठड्याबाहेर आलंय. शुक्रवारी पाणी नसलं तर नसतं, त्या पांघरूण ओढून पडून राहतात.

परवा सोहम आला, इकडचं तिकडचं बोलला आणि हळूच म्हणाला, "आई, मे महिन्यात आम्ही दोघं गाडी घेऊन जाऊ का?"

कुमुदिनीबाईंनी खिळ्यावरची चावी काढली, पण लगेच दिली नाही.

"ने की. पण वाटेतून एकदा जरी फोन आला, की आई ये आणि घेऊन जा, तर परत कधी चावी मागायची नाही."