भरलेली बादली

माझ्या आईने सूड घ्यायचं ठरवलं त्या दिवशी मी तापाने फणफणले होते, त्यामुळे घडलं ते मी पाहिलं नाही. पण घरात ते इतक्यांदा सांगितलं गेलंय की आता कुणी विचारलं तर मी शपथेवर साक्ष देईन.

आमचं आणि थोरल्या काकांचं घर आधी एकच होतं. वाटणी झाली, मधे भिंत उभी राहिली आणि विहीर भिंतीपलीकडे गेली. बाबा शिंपी. जन्मभर मान खाली घालून मशीन चालवणारा माणूस. विहीर गेली तेव्हा ते म्हणाले, "जाऊ दे." ते सगळ्यालाच तसं म्हणत.

मग दुष्काळ पडला. शहराचा तलाव आटला, नळ नुसते सूं सूं करायला लागले. माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवायलाही घरात पाणी नव्हतं. आई मागच्या दाराने काकांकडे गेली आणि तिने एक बादली भरली. काका पायरीवर बसले होते, शेजारचे चार लोकही होते.

काका म्हणाले, "ओत परत."

आईला वाटलं, चेष्टा करताहेत. दिरांनी जरा चेष्टा केली तर बिघडलं काय?

"ओत म्हटलं ना. विहीर म्हणजे काय धर्मशाळा आहे?"

आईने भरलेली बादली विहिरीत ओतली. चार लोकांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. ती रिकामी बादली घेऊन घरी आली आणि बाबांना म्हणाली, "एक दिवस ह्या माणसाला सगळ्यांदेखत भरलेली बादली ओतायला लावीन, त्याच्याच हातानं. त्याशिवाय मी मरायची नाही."

बाबा म्हणाले, "जाऊ दे."

आईने जाऊ दिलं नाही. तिने डूख धरला.

पुढे शहराला शहाणपण सुचलं. पुन्हा असे हाल नकोत म्हणून लांबच्या धरणापासून नवी पाइपलाइन टाकायची आणि वाटेत पंपघरं बांधायची असं ठरलं. मजूर हवेत म्हणून पाटी लागली, तशी आई जाऊन उभी राहिली. शिंप्याची बायको चर खणायला जाते म्हणून गल्लीने नाकं मुरडली. "मुरडू देत," आई म्हणाली, "नाकं त्यांचीच आहेत."

आधी तिने वाळूच्या पाट्या वाहिल्या, मग जोड करायला शिकली. पाइपाचं तोंड फडक्याने पुसायचं, खाचेत रबरी रिंग बसवायची, साबण चोळायचा आणि पहारीने रेटून एक पाइप दुसऱ्यात सारायचा. दिसायला सोपं. पण रिंगेखाली वाळूचा कण राहिला तरी जोड गळतो. पहार रेटताना आई काहीतरी पुटपुटायची. बाकीच्यांना वाटायचं, बाई देवाचं नाव घेते. ती कुणाचं नाव घ्यायची ते मला माहीत होतं.

लाइनचा एकेक तुकडा झाला की त्यात पाणी भरून दाब चढवायचे आणि गेजचा काटा बघत बसायचे. काटा उतरला म्हणजे कुठंतरी गळतंय. आईच्या तुकड्यात काटा जागचा हलत नसे. होता होता ती मुकादम झाली आणि सगळे तिला जोडमावशी म्हणायला लागले. राग माणसाला जाळतो असं शहाणी माणसं सांगतात. सांगोत बापडी. आमच्याकडे आईच्या रागावर चूल पेटली, त्याच्यावरच मी शिकले आणि पंपघरात पाणी तपासायच्या कामाला लागले.

पंचाईत पुढेच झाली. लाइन आमच्या गल्लीकडे वळली, टोकाला पंपघर उभं राहिलं आणि एक दिवस जेवताना आईचा हात थांबला. "म्हणजे काय झालं माहितीये का? उद्या घरोघर नळ येणार. त्याच्याही घरात येणार. हा माणूस कुणाच्या दारात जाणार नाही, कुणापुढे वाकणार नाही. माझ्याच हातानं मी त्याला घरपोच पाणी पाजणार!"

बाबा ताटात बघून हसले. मला मात्र तिची कीव आली. इतकी वर्षं मान मोडून काम केलं, आणि तेच काम आता तिच्या सुडाच्या मुळावर उठलं होतं.

"त्यांच्या घराचा जोड ढिला ठेव की," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "जोड माझा असतो, त्याचा नाही."

पण नशीब तिच्या बाजूने होतं. घराघरांत नळ बसायच्या आधीच पुन्हा दुष्काळ आला. मोठी लाइन तयार होती, पंप तयार होते, घरांचे फाटे तेवढे बाकी. काकांच्या विहिरीने तळ गाठला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? काही दिवस त्यांनी टँकर मागवले, मग टँकरही यायचे थांबले. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. रोज सकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर बसायचे. आई भिंतीच्या अलीकडून त्यांचा खोकला ऐकायची आणि खूश व्हायची. मीही व्हायचे.

पंप सुरू झाले. नवी लाइन आधी औषध घालून धुतात. ते पाणी झोंबतं, पिऊन चालत नाही. पंपघराच्या फाटकाजवळच्या नळातून ते सोडलं तेव्हा लोक बादल्या घेऊन धावले. आईने सगळ्यांना भरलेल्या बादल्या ओतायला लावल्या. लोक कुरकुरले, पण त्यांनी ओतल्या. त्यांच्यात काका नव्हते. आईचं लक्ष दिवसभर गल्लीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळीत पाणी घेतलं, औषध किती उरलंय ते कळायला त्यात तपासणीचे थेंब टाकले. हवा तसा फिकट पिवळा रंग आला. पाणी चांगलं होतं. मी आईला सांगितलं, तिने रांग सुरू केली.

आणि उन्हं चढल्यावर काका आले. सदऱ्याला इस्त्री नव्हती. रांगेत उभे राहिले, पुढे सरकले, नळाखाली बादली भरली. आईकडे न बघता त्यांनी ती उचलली.

"भावजी," आई म्हणाली, "ओता ते."

मी पंपघराच्या दारात उभी होते. माझं तोंड बंद होतं आणि मी ते बंदच ठेवलं.

काकांनी बादलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग वाकून, दोन्ही हातांनी, त्यांनी ती फाटकाशी ओतली. धूळ भिजली, पाणी जिरून गेलं.

"बरं झालं सांगितलंस, धाकटे," ते म्हणाले. "कालचं औषधाचं पाणी अजून येतंय वाटतं. नातवंडं आजारी पडली असती. आपलं माणूस असलं की असं असतं बघ."

आईचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांचा सूड, आणि त्या माणसाने त्याचा आशीर्वाद करून टाकला! त्याला काही आठवतच नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"पाणी चांगलं होतं," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "सकाळपासून चांगलंच आहे. माझ्या पोरीला ताप होता, भावजी. मी एक बादली भरली होती."

काका रिकामी बादली धरून उभे राहिले. मग त्यांची नजर हळूहळू ओल्या मातीवर गेली आणि तिथून वर येईना. आठवलं. चांगलंच आठवलं.

"पाणी मिळेल," आई म्हणाली. "रांगेत शेवटी उभे राहा."

ते गेले आणि शेवटी उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा आईने स्वतः नळ उघडला आणि बादली काठोकाठ भरून दिली.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. बाबा मशीनवर होते. आईने चपला काढता काढता सगळं सांगितलं. मी वाट बघत होते, आता 'जाऊ दे' म्हणतील, मग म्हणतील.

बाबांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"सगळी ओतली?"

"सगळी."

"तळाला काही राहिलं नाही ना?"

"नाही."

"बरं झालं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पुढची शिवण घातली.