सहावं मशीन

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आमच्या शाळेच्या भाऊसाहेबांचं नाव सांगेन. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे लिपिक. आमच्याकडे लिपिकाला सगळे भाऊसाहेबच म्हणतात. त्यांनी मला एकही विषय शिकवला नाही. पण शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, वसतिगृहाचा फॉर्म, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची कागदपत्रं, हे सगळं त्यांनी शाळा सुटल्यावर मला शेजारी बसवून भरून घेतलं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. कुठल्या कागदाला काय जोडायचं, हे सांगणारं दुसरं माणूस नव्हतं. दर वर्षी परीक्षा संपली की ते इतर मुलांच्या अर्धवट टाकलेल्या वह्यांतली कोरी पानं काढायचे, दाभणाने शिवायचे आणि मला वर्षभराच्या वह्या करून द्यायचे.

नोकरी लागली ती परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. राहायला लालबागला चाळीत बाहेरची खोली मिळाली. घरमालक काका-काकू कोकणातले, वर्षातले सात-आठ महिने गावीच असायचे. गॅलरीत शेजारी मालवणीत रंगलेले असायचे. मला बघून कुणीतरी विचारायचं, "जेवलंस काय रे?" मी "हो" म्हणायचो आणि तिथेच बोलणं संपायचं. माणसं चांगली होती, मलाच पुढचं वाक्य सुचत नसे. ऑफिसातून घरी चालत यायला वीस मिनिटं लागत, मी चाळीस लावायचो. मसाल्याच्या दुकानांसमोर उभा राहून मिरच्या निवडणाऱ्या बायका बघायचो. दर रविवारी सकाळी भाऊसाहेबांचा फोन यायचा. आई-वडिलांशी बोलणं व्हायचं, पण त्यांना माझं काम कळत नव्हतं आणि मला त्यांना ते सांगता येत नव्हतं. आठवडाभरात कुणाशी पाच मिनिटांहून जास्त बोललो असेन, तर ते भाऊसाहेबांशी.

पहिल्या पगारातून मी त्यांना शर्टाचं कापड नेलं होतं. त्यांनी ते परत माझ्या पिशवीत ठेवलं. "हे वडिलांना दे. मला द्यायचंच असेल तर माझ्या जनरल रजिस्टरांचं काहीतरी कर."

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद. नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. आताच्या मुलांची माहिती सरकारी पोर्टलवर असते, जुन्यांची नाही. जुनी पानं हात लावला की तुटत. एखादे आजोबा दाखल्यासाठी आले की भाऊसाहेब दोन-दोन दिवस शोधत बसत. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्याआधी सगळी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायची, एवढीच त्यांची इच्छा.

आमच्या ऑफिसात तेव्हा माहिती साठवण्याचं एक मोठं सॉफ्टवेअर पारखून बघणं चाललं होतं. विकत घ्यायचं की नाही ते ठरवण्यासाठी ते बनवणाऱ्या कंपनीने आम्हाला सहा महिन्यांचं सबस्क्रिप्शन दिलं होतं, दहा मशीनवर लावायची मुभा होती. ते काम माझ्याकडे होतं. आम्ही पाच मशीनवर लावलं. पाच जागा मोकळ्या. दिवाळीला गावी गेलो तेव्हा मी त्यातली एक जागा शाळेच्या कॉम्प्युटरला दिली. चोरी करतोय असं माझ्या मनातही आलं नाही. दिलेलं आहे, उरलेलं आहे, वाया जाण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं, असाच विचार केला. शिवलेल्या वह्यांवर मी शिकलो होतो, मला यात वावगं दिसलंच नाही. अटींची इंग्रजी पानं आली तेव्हा न वाचता खाली जाऊन "मान्य आहे"वर बोट दाबलं होतं.

मग रविवारचे फोन लांबत गेले. "आज तिसरं रजिस्टर संपलं बघ. तुझ्या चुलत आजोबांचं नाव सापडलं. चौथीत शाळा सोडली. कारण काय लिहिलंय माहितीये? गुरं राखणे." ते हसायचे, मीही इकडे एकटाच हसायचो.

मार्चमध्ये ऑफिसात आमच्या टीमच्या प्रमुख मॅडमनी सबस्क्रिप्शनचं पान उघडलं. मॅडम भायखळ्याच्या, कॅथलिक, बोलायला एकदम फटकळ.

"अरे, पाच मशीन लावलीत ना आपण? हे सहावं कुठलं?"

मी सांगितलं.

"शाळेत? आपल्या ऑफिसची शाळा आहे का?"

"नाही मॅडम. पण पाच जागा मोकळ्या होत्या..."

"बाबा रे, दादरला साडीच्या दुकानात जातोस कधी? तो दहा साड्या उलगडून दाखवतो. म्हणून काय एक नेसून लग्नाला जायचं? आणि तू तर दुसऱ्यालाच नेसवून पाठवलीस!"

शेजारची दोघं हसली. मलाही हसू आलं, मग मी पुन्हा स्क्रीनवरची ती सहावी ओळ बघितली. मॅडमनी ते पाहिलं असावं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "अटी वाचल्यास का? नाही ना? कोणीच वाचत नाही. आज बसून वाच. मग मला सांग काय करायचं ते."

डबा बाजूला ठेवून मी ती पानं वाचली. तीन गोष्टी स्वच्छ लिहिल्या होत्या. हे फक्त पारखून बघण्यासाठी आहे, रोजचं खरं काम यावर करायचं नाही. ज्या संस्थेला दिलं तिच्या बाहेर कुणालाही द्यायचं नाही. मुदत संपली की काढून टाकायचं. दहा हा आकडा मी दहा भाकऱ्यांसारखा समजलो होतो. आमच्याच घरात बसून किती जणांनी चव बघायची, एवढाच त्याचा अर्थ होता. तीनही अटी मी मोडल्या होत्या.

"मुदत वाढवून मिळेल?" मी मॅडमना विचारलं.

"ऑफिसला मिळेल. शाळेला कशी मिळेल?" त्या म्हणाल्या. "त्यातली माहिती शाळेची आहे, ती बाहेर काढून घे. सॉफ्टवेअर पुसून टाक. कंपनीला मी कळवते, झालेलं लिहून दे. आणि त्या तुझ्या सरांना सांग."

"सर नाहीत, भाऊसाहेब आहेत."

"जे असतील ते. त्यांना तू सांगायचं. ते मी नाही सांगणार."

त्या रविवारी फोन आला. "सतरा झाली, चार उरली," भाऊसाहेब म्हणाले. "निरोप समारंभात हेडमास्तर तुझं नाव घेणार आहेत. आपल्या पोराने शाळेला दिलं म्हणून. तुझ्या वडलांना पुढच्या रांगेत बसवणार. तू ये रे." मी "येतो" म्हणालो. पुढच्या रविवारीही खरं काय ते सांगितलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर एकही खोटा दाखला दिला नाही, त्याच्या हाती मी माझी नसलेली वस्तू ठेवली होती, आणि तो ती गावाला दाखवत होता. हे ऐकल्यावर त्यांनी फोन करणं थांबवलं तर माझ्याशी बोलणारं कोण उरणार, ही भीती होती. ही भीती माझ्या सोयीची होती, हेही मला कळत होतं.

शेवटी पत्र लिहिलं. फोनवर ते मला मध्येच "असू दे रे" म्हणतील आणि मी तेवढ्यावर सुटेन, असं वाटलं. परळच्या पोस्टात जाऊन टाकलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे.

"तीर्थस्वरूप भाऊसाहेब,

नमस्कार. मी खुशाल आहे. फोनवर सांगायला हवं होतं, दोनदा धीर झाला नाही, म्हणून लिहितो.

शाळेच्या कॉम्प्युटरवर मी जे बसवलं ते माझं नव्हतं आणि मला ते कुणाला देण्याचा हक्कही नव्हता. ऑफिसला ते सहा महिने पारखून बघण्यापुरतं मिळालं होतं. अटी मी वाचल्या नव्हत्या. चूक पूर्ण माझी आहे. शाळेची नाही, तुमची तर नाहीच. ऑफिसात मी हे लिहून दिलं आहे.

हे पत्र मिळाल्यावर त्यात नवीन नोंद करू नका. राहिलेल्या चार रजिस्टरांना तूर्त हात लावू नका. तुम्ही टाकलेली सतरा रजिस्टरं सुरक्षित आहेत, एकही नाव जाणार नाही. मी शनिवारी येऊन ती काढून घेतो, हे सॉफ्टवेअर पुसतो आणि सगळ्या नोंदी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो. ते कुणालाही, शाळेलाही, कायम वापरायला मोकळं आहे. त्याच्या अटी मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या आहेत आणि छापून सोबत आणतो. तुम्हीही वाचा. दिसायला ते थोडं वेगळं आहे, शनिवार-रविवार तुमच्याजवळ बसून शिकवीन. उरलेली चार रजिस्टरं तुम्ही वाचा, मी टाईप करतो.

समारंभात माझं नाव घेऊ नये असं हेडमास्तरांना सांगा. कारण विचारलं तर खरं कारण सांगा. वडिलांना मी स्वतः सांगेन.

तुम्हाला राग येईल. तो फोनवर किंवा पत्रात काढू नका. शनिवारी सकाळी अकरापर्यंत मी शाळेत पोचतो. मी समोर असताना रागवा."