अव्वाचा वेलबुट्टीचा कागद

माझं लग्न एका तांबड्या गाईमुळं जमलं असं मी म्हटलं की लोक हसतात आणि पुढचं काही विचारत नाहीत. त्यांना वाटतं म्हातारी चेष्टा करते. म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकते.

आमचं गाव उमरग्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. राज्य निजामाचं, आणि दूर कुठं तरी मोठी लढाई चाललेली. त्या लढाईशी आमचा संबंध एवढाच की रॉकेल मिळत नव्हतं आणि कापड कंट्रोलवर गेलं होतं. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ओसरीवरच किराणा दुकान होतं. दुकान म्हणजे चार पोती, एक तराजू आणि कपाळाला विभूती लावून बसलेले अप्पा. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती कानडी मुलखातली. रागावली की कानडीत शिरायची आणि राग ओसरला की मराठीत परत यायची, त्यामुळं तिचा राग किती उरलाय ते गल्लीत सगळ्यांना कळायचं.

मी सोळा वर्षांची झाले होते आणि दोन स्थळं मला पाहून परत गेली होती. पहिल्यांनी काहीच कळवलं नाही. दुसऱ्यांनी मध्यस्थाकडून निरोप धाडला की मुलगी बरी आहे, पण घर अगदीच जुन्या वळणाचं दिसतं. या दुसऱ्यांनी मला खोलीभर चालवलं होतं, वेणी सोडायला लावली होती, आणि त्यांच्यातल्या एका बाईनं हनुवटी धरून माझे दातसुद्धा पाहिले होते. मला त्या बाईचा राग आला. अव्वाला राग आला तो भिंतीचा.

भिंत तशी चांगली होती. पांढऱ्या मातीनं सारवलेली, दोन कोनाडे असलेली, गावात सगळ्यांची असते तशी. पण अव्वा उमरग्याला एका वकिलाच्या घरी बारशाला जाऊन आली होती. तिथं म्हणे भिंतींना हैदराबादेहून आणलेला वेलबुट्टीचा कागद लावलेला, दाराला पडदा, टेबलावर विणलेला रुमाल, आणि निळ्या काचेच्या फुलदाणीत फुलं. बारशाचं बाळ मुलगा की मुलगी ते तिला सांगता आलं नाही, पण पडद्याला किती चुण्या होत्या ते तिनं बरोबर सांगितलं. आल्यापासून चार दिवस तिचं स्वयंपाकात लक्ष नव्हतं. अप्पांनी ते आळणी पिठलं मुकाट्यानं खाल्लं, आणि पाचव्या दिवशी एवढंच म्हणाले की वकिलाच्या घरात वकील राहतो आणि आपल्या घरात मी राहतो, हे विसरू नका.

पण तिसरं स्थळ पुढच्या सोमवारी यायचं ठरलं होतं. मुलगा उमरग्याला नोकरीला आहे आणि नव्या चालीचा आहे, स्वतः पाहायला येणार आहे, एवढंच मध्यस्थानं सांगितलं होतं. मी समजले, सरकी काढायच्या जिनात असेल. हेही जमलं नाही तर अव्वाच्या माहेराकडचा एक तंबाखूवाला बिजवर तयारच होता, दोन लेकरांसकट. अप्पा त्याचं नाव काढायचे तेव्हा माझ्याकडं बघायचे नाहीत. तेव्हा ती भिंत नवीन होणं मलाही तितकंच जरुरीचं होतं.

अव्वानं कामाला हात घातला. नवं कापड कंट्रोलमुळं मिळणार नाही आणि मिळालं तरी अप्पा घेऊ देणार नाहीत, म्हणून तिनं आपलं जुनं इरकली लुगडं मधोमध फाडलं आणि तांबडा काठ खाली येईल असा पडदा केला. चहाचं रिकामं खोकं पालथं घालून, वर धुतलेलं धोतर अंथरून टेबल झालं. फुलदाणीसाठी औषधाच्या दोन निळ्या बाटल्या घासून काढल्या. फुलं नव्हती, म्हणून त्यांत जोंधळ्याची कणसं खोवली. दिसायला खरंच छान दिसत होती. राहिला होता कागद.

अप्पा पुड्या बांधायला तहसील कचेरीतली रद्दी आणायचे. त्या खेपेला गठ्ठ्यात मोठाले जाड ताव निघाले, एका बाजूनं काळ्या शाईनं हातानं लिहिलेले, उर्दूत. अक्षर बोटाएवढं आणि अतिशय देखणं. अव्वाला कुठलीच लिपी येत नव्हती. काही तरी लिहिलंय एवढं कळत होतं, पण तिला त्यात देठ दिसले, वळलेल्या डहाळ्या दिसल्या, आणि नुक्त्यांच्या, म्हणजे अक्षरांवरच्या टिंबांच्या, जागी कळ्या. ती म्हणाली की वकिलाचा कागद याच्यापुढं काहीच नाही. सगळा गठ्ठा तिनं आत ओढला. त्या आठवड्यात गिऱ्हाइकांना गूळसुद्धा पळसाच्या पानात बांधून मिळाला, आणि अप्पा प्रत्येकाला सांगत होते की आमच्याकडं भिंत कागद नेसायला लागलीय.

आता माझं ऐका. मी चौथीपर्यंत शाळेत गेले होते. तिथं उर्दू छडीच्या जोरावर शिकवायचे. पुढं शेजारच्या खाला, ज्या भरतकाम करून पोट भरायच्या, त्यांच्या मुलाची पत्रं मीच त्यांना वाचून दाखवायची, कारण त्या कामानं त्यांची नजर मंदावली होती. तेव्हा पहिलाच ताव हातात घेतल्याबरोबर मला कळलं की ही वेलबुट्टी नाही, कोंडवाड्याचे जाहीरनामे आहेत. मोकाट जनावरं धरून कोंडवाड्यात घातली आहेत, त्यांचं वर्णन असं असं, मालकानं आठ दिवसांच्या आत ओळख पटवून घेऊन जावं, नाही तर लिलाव होईल.

मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मला दात पाहणारी ती बाई आठवली आणि अंगात एकदम लहर आली. खळीत मोरचूद कालवून अव्वा भिंतीला लावत होती आणि एकेक ताव मी तिच्या हातात देत होते. ज्या पाटावर मला बसवतात त्याच्या बरोबर वरच्या जागेसाठी मी मुद्दाम निवडून एक ताव काढला. त्यात लिहिलं होतं: एक गाय, रंग तांबडा, बांधा मध्यम, दात पूर्ण, स्वभाव गरीब, डावं शिंग जरा मोडकं. शिंग सोडलं तर मध्यस्थानं माझं वर्णन अगदी असंच केलं असणार. मला भयंकर हसू येत होतं आणि अव्वाला वाटत होतं की लेक कशी आनंदानं कामाला लागलीय.

दोन दिवसांनी आमच्या वासराला खळीचा वास लागला आणि त्यानं त्याच तावाची खालची कड चाटून फाडली. बाकी सगळं शाबूत राहिलं.

खाला पाहायला आल्या. मंद नजरेच्या असल्या तरी बोटाएवढं अक्षर त्यांना दिसलंच. त्या पदर तोंडात धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग अव्वा आत पाणी आणायला गेली तेव्हा माझा कान धरून म्हणाल्या, "अम्मा अपनी साडी फाड के बैठी है, बेटी. उसका दिल नक्को तोड़." मी म्हटलं, वाचणारं कोण येतंय इथं. माझी अक्कल तेव्हा एवढीच होती.

सोमवारी दुपारी गाडी आली. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. मुलाच्या अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी होती आणि डोक्यावर रुमी टोपी. हा वेश जिनातल्या माणसाचा नाही. हा कचेरीतल्या माणसाचा आणि कचेरी सगळी उर्दूत चालते.

सोबत त्यांचे काका होते, जाडजूड शेतकरी, त्यांना उर्दूचा वाराही लागला नव्हता. मला पाटावर बसवलं. मी मान खाली घातली, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं की तो माणूस माझ्या डोक्यावरची भिंत वाचतोय. वाचून झालं, मग माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा भिंत. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पडद्याआड अव्वा उभी होती, आणि तिच्या अंगावर जे लुगडं होतं ते आता तिचं एकुलतं एक धडकं लुगडं होतं. दात पाहणाऱ्या बाईवर उगवायचा सूड मी आपल्याच आईवर उगवला होता. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात माळवदाच्या झरोक्यातून एक चिमणी आत आली आणि थेट जोंधळ्याच्या कणसावर बसली. बाटली कलंडली. काकांनी दचकून वर पाहिलं, आणि त्यांना पहिल्यांदाच भिंतीवरचा कागद नीट दिसला. ते मोठ्या कौतुकानं म्हणाले, "पोरगी शिकल्याली हाय म्हणता ना? मग हे काय लिवलंय ते वाच बगू, पोरी. मराठीत सांग."

पडदा जरासा बाजूला झाला. अव्वाच्या तोंडावर असा अभिमान होता की मला रडू आलं असतं. मी मागं वळून मान वर केली. समोर तांबडी गाय. मी वाचायला लागले.

"या घराला एका बाईनं आपल्या हातानं रूप दिलंय. हितं आलेला पाहुणा उपाशी जात न्हाय आन् रुसूनबी जात न्हाय."

काका खूश झाले. मग पुतण्याकडं वळून त्यांनी विचारलं की बराबर वाचलं का रं. माझं सगळं आयुष्य त्या माणसाच्या जिभेवर होतं, तंबाखूवाला बिजवर जमेला धरून.

ते शांतपणे म्हणाले, "बराबर हाय. फकस्त शेवटची वळ ऱ्हायली."

"काय हाय ती?"

"आठ दिवसांच्या आत येऊन घेऊन जावं."

काकांनी विचारलं, काय घेऊन जावं. ते म्हणाले, म्होरला कागद फाटलाय, काका. आणि पोहे खायला लागले.

सातव्या दिवशी निरोप आला की मुलगी पसंत आहे, सुपारी फोडायला कधी येऊ. अव्वानं तो निरोप मध्यस्थाकडून तीन वेळा ऐकला. अप्पा म्हणाले की भिंतीचं काम झालं असेल तर कागद काढा, दुकानाला लागतोय. त्यावर अव्वा बराच वेळ कानडीत बोलली.

लग्नानंतर कळलं की ते अक्षर यांचंच होतं. कोंडवाड्याचे जाहीरनामे लिहायचं काम कचेरीत यांच्याकडं होतं, आणि त्या तांबड्या गाईचं वर्णन साहेबांनी तीनदा लिहून घेतलं होतं. आपलं अक्षर कुणी हौसेनं भिंतीवर लावलेलं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. आधी वाटलं, आपली टिंगल चाललीय. मग तू खोटं वाचलंस, म्हणाले, तेव्हा कळलं की टिंगल माझी नव्हती, मुली पाहायला येणाऱ्यांची होती, आणि आता तुला तुझ्या आईला सांभाळायचंय.

पुढं निजामाचं राज्य गेलं. कचेरी मराठीत चालू लागली आणि यांना पुन्हा पहिल्यापासून अक्षर गिरवावं लागलं. मराठीत त्यांचं अक्षर अगदीच सामान्य निघालं, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं. अव्वाच्या भिंतीवरचे बाकीचे ताव दिवाळीच्या सारवणात गेले, पण पाटावरचा तो एक तिनं हलू दिला नाही. त्याच्याभोवतीनं ती हातानं जपून सारवायची. आम्ही गेलो की जेवण झाल्यावर ती यांना त्याच्यासमोर बसवायची आणि वाचायला सांगायची. हे दर खेपेला गंभीर चेहऱ्यानं नवंच काही तरी वाचायचे. एकदा घराचं कौतुक, एकदा जावयाला आणखी एक पोळी वाढावी असा सरकारी हुकूम, एकदा या घरच्या लेकीनं जिभेवर ताबा ठेवावा अशी सूचना. मी पदरात तोंड घालून हसायची. बिचारीला काही कळत नाही, असं मला वाटायचं.

मग एका वर्षी अव्वा आजारातून नुकतीच उठली होती. भिंतीला टेकून बसली, यांना जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "जावईबापू, आज नवं कायबी नका वाचू. हिनं त्या दिवशी मला वाचवायला जे वाचलं हुतं ना, तेवढंच वाचा."