ज्याला नको, त्यालाच

सेवाग्रामपासून सायकलच्या अंतरावर आमचं गाव. आश्रमाचा वारा लागलेला, म्हणून सरपंच निवडायची आमची रीत जगावेगळी होती. मतपेटी नाही. मारुतीच्या पारावर गाव बसायचं आणि जो 'मले नको' म्हणेल, त्याच्याच गळ्यात माळ घालायचं. खुर्चीचा लोभ नाही तोच खुर्चीवर शोभतो, असं आमचे शहाणे म्हणायचे. पुढे खुर्ची त्याचं काय करते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुष्काळ सरल्यावर मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, असेच निवडले गेले. ते खरंच घाबरले होते. त्यांना तयार केलं आत्यानं. ही दोघांची मोठी बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, गावाच्या पार टोकाला एकटी राहायची. "सरकार म्हंजे काय मोठं असते रे? बाईच्या डोक्यावरचा गुंड उतरला पाह्यजे, बस," ती म्हणाली. तिकडच्या बायका नाल्यापलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर गुंड, म्हणजे घागर, घेऊन पाणी आणायच्या. तिथं बोरिंग आणतो, असा मोठ्या बाबांनी तिला शब्द दिला.

बोरिंग मंजूर झाली. हातपंप बसला तो मात्र मोठ्या बाबांच्या ओट्यासमोर. "पोट्टे दांडा तोडतात, नजरेसमोर असला तं बरा," ते म्हणाले. मग दांड्याला साखळी आली, साखळीला कुलूप, आणि चावी त्यांच्या बंडीच्या खिशात. सकाळी बायका ताटकळत उभ्या राहायच्या. ते चहा संपवून सावकाश उठायचे आणि एकेकीला विचारायचे, "किती गुंड पाह्यजे?" मोजत वगैरे काही नव्हते. विचारायला आवडायचं, एवढंच. मला भयंकर संताप यायचा. वडील म्हणायचे, सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, गप्प बस.

आत्या तिथं कधी उभी राहिली नाही. "ज्याले मी कडेवर खेळवलं, त्याले पाणी मांगू?" ती विहिरीवरच जात राहिली, म्हातारपणी अर्धा गुंड घेऊन. एका उन्हाळ्यात नाल्याच्या उतारावर पडली ती उठलीच नाही.

तिला शेवटची अंघोळ घालायला पाणी हवं होतं. वडील आणि मी मोठ्या बाबांकडे गेलो. ते ओट्यावर बसून लेकरासारखे रडत होते. वडील म्हणाले, "भाऊ, चावी द्या. पाणी पाह्यजे."

त्यांनी डोळे पुसले, खिशात हात घातला आणि विचारलं, "किती गुंड?"

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. चेहरा काळवंडला. त्यांनी पुढे केलेली चावी वडिलांनी घेतली नाही. आम्ही विहिरीवरून पाणी आणलं.

पुढच्या निवडीला मोठ्या बाबांनी पारावर हात जोडले. "मले नको," म्हणाले. तेव्हाही ते खरंच बोलत होते, असं मला अजून वाटतं. गावानं रीत पाळली. माळ गळ्यात पडली तेव्हा त्यांचा एक हात बंडीच्या खिशात होता.